टाइल्स बसवण्याआधी पाइप : जुनं इंजिन बसवताना नवं काय घालावं?

बाथरूमच्या टाइल्स बदलायला काढल्या की प्लंबर एक गोष्ट हमखास सांगतो, "भिंत फोडलीच आहे, तर आतला लोखंडी पाइपही बदलून टाका." पाइप गळत नसतो. त्याच्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. तरी आपण तो बदलतो. उलट बेसिनवरचा नळ ठिबकत असला, तर खाली बादली लावून आपण खुशाल महिना काढतो. ठिबकणारा नळ ठेवायचा आणि न गळणारा पाइप भंगारात द्यायचा, हा व्यवहार उफराटा वाटतो खरा. पण चूक कोणी म्हणत नाही, कारण नळ पाच मिनिटांत बदलता येतो आणि पाइपपर्यंत पोचायला नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

हाच उफराटा व्यवहार गॅरेजमध्ये पाहिला की मात्र आपण बुचकळ्यात पडतो.

मुलांना शाळेत नेणारे एक व्हॅनवाले काका. त्यांच्या ओम्नीचं इंजिन कामातून गेलं. नवं इंजिन परवडणार नाही, म्हणून त्यांनी भंगारात निघालेल्या दुसऱ्या ओम्नीचं चालू इंजिन विकत घेतलं. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट अशा बाजारांत जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा धंदा चालतो. इंजिन गॅरेजमध्ये आलं, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं गेलं आणि फिटरने कामाला हात घातला. इंजिनाच्या मागच्या बाजूचं एक रबरी कडं त्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटून फेकलं. ते गळत नव्हतं. टायमिंग बेल्ट धडका दिसत होता, तोही काढला. आणि ज्यांच्यावर सगळा भार येतो ते पिस्टन, रिंगा, बेअरिंग? त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"अरे दादा, चांगलं ते फेकतोस आणि मुख्य ते बघतही नाहीस?" काका म्हणाले.

"काका, इंजिन वर चढलं की या सीलपर्यंत माझा हात पोचणार आहे का?" फिटर म्हणाला.

या एका प्रश्नात जुनं इंजिन बसवण्याचं निम्मं शास्त्र आलं. उरलेलं निम्मं समजून घेऊ.

आधी नाडी, मग औषध

कोणते भाग बदलायचे हा प्रश्न दुसरा. इंजिन मुळात बसवण्याच्या लायकीचं आहे का, हा पहिला. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. मारुती ८०० मध्येही याच घराण्यातलं इंजिन होतं. इंजिन कुठलंही असो, नाडीपरीक्षा साधारण सारखीच.

पहिली परीक्षा कॉम्प्रेशनची. सिलिंडर म्हणजे सायकलचा पंप समजा. पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की आत दाब तयार होतो. आतला वायसर झिजला असेल तर हवा बाजूने निसटते आणि दाब येत नाही. इंजिनातही तसंच. सगळे प्लग काढायचे, एका भोकात दाबमापक बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. निरोगी पेट्रोल इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० ते १३ किलो दाब येतो. आकड्याइतकंच महत्त्व सिलिंडरांच्या आपसातल्या फरकाला. तिन्ही सिलिंडर १२-१२-१२ असतील तर उत्तम. तिन्ही ११ असले तरी चालेल. पण १२-१२-८ असेल तर तिसऱ्यात काहीतरी बिघडलं आहे.

काय बिघडलं आहे, हे एक चमचाभर तेल सांगतं. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून दाब पुन्हा मोजायचा. आठाचा अकरा झाला, तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, कारण तेलाने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजवली. आठाचा आठच राहिला, तर हवा खालून नव्हे, वरून निसटते आहे. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी दाखवत असतील, तर त्या दोघांमधलं हेड पॅकिंग गेल्याचा संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा तेलाची. तेल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा जाड थर दिसला, तर तेलात पाणी शिरत असण्याची शक्यता आहे. (थंडीपावसात थोडंथोडंच चालवलेल्या गाडीत वाफेमुळेही थोडा फेस धरतो, म्हणून रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही पाहावं.) तेल काढून त्यात चुंबक फिरवावा. चुंबकाला बारीक करड्या गाळाचा हलका लेप लागणं नेहमीचंच, चकत्या किंवा तुकडे लागले तर मात्र पोलाद कुठेतरी खरवडतं आहे. चुंबकाला न चिकटणारी पितळी किंवा तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचा वरचा थर उडाल्याची खूण समजावी.

या दोन परीक्षांत इंजिन नापास झालं, तर सील नि बेल्ट बदलून काही साधत नाही. ते इंजिन परत करावं, किंवा पूर्ण खोलून बांधण्याची तयारी ठेवावी. पास झालं, तरच पुढचा हिशेब.

इंजिनाला दोन वयं असतात

जुन्या इंजिनाबद्दल पहिला प्रश्न येतो तो, "किती चाललंय?" पण किलोमीटर हे इंजिनाचं फक्त एक वय आहे. दुसरं वय पंचांगातलं. धातूचे भाग पहिल्या वयाने म्हातारे होतात, रबराचे भाग प्रामुख्याने दुसऱ्या.

क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग घ्या. चालू इंजिनात हे दोन धातू एकमेकांना लागत नाहीत म्हटलं तरी चालेल. फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःबरोबर ओढून अरुंद फटीत कोंबतो आणि त्या तेलाच्या पातळ पाचरीवर तरंगतो. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतं, तोच हा प्रकार. फक्त रस्त्यावर तो घातक असतो आणि बेअरिंगमध्ये तारक. म्हणून वेळेवर तेल बदललेल्या इंजिनातली बेअरिंग लाखो किलोमीटर टिकतात. इंजिन वर्षभर कोरड्या जागी, तोंडं बंद करून पडून राहिलं, तर या काळात त्यांची झीज शून्य. भीती असते ती गंजाची.

रबराचं तसं नाही. घरातला पुरावा स्वयंपाकघरात आहे. कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होते, झाकणात नीट बसत नाही, वाफ कडेने फुसफुसते. रिंग झिजलेली नसते, तुटलेली नसते, नुसती ताठर झालेली असते. ड्रॉवरमध्ये विसरलेलं रबरबँड तर एकदाही न वापरता ताणल्याबरोबर तटकन तुटतं.

याचं कारण रबराच्या घडणीत आहे. रबर म्हणजे लांबलचक रेणूंचा गुंता, शेवयांच्या गठ्ठ्यासारखा. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये गवसलेल्या प्रक्रियेत रबराला गंधकाबरोबर तापवतात. गंधक या शेवयांना जागोजागी टाके घालतं, त्यामुळे रबर ताणलं तरी मूळ आकाराला परततं. पण उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन पुढे वर्षानुवर्षं आणखी टाके घालत राहतात. टाके वाढत गेले की कापड ताठ होतं, तसं रबरही. कृत्रिम रबरांचं रसायन वेगवेगळं असलं, तरी बहुतेकांच्या म्हातारपणाची वाट हीच. त्यात इंजिन बंद पडून असलं की सीलच्या ओठाला मिळणारं तेलाचं वंगणही सुकतं. तेव्हा विकणारा "चार वर्षं हलवलंच नाही हो" असं अभिमानाने सांगू लागला, की धातूसाठी आनंद मानावा आणि रबरासाठी पाकीट उघडावं.

म्हणजे फिटरच्या अर्ध्या वागण्याचा उलगडा झाला. परीक्षेत पास झालेला धातू त्याने ठेवला, परीक्षा घेताच न येणारं रबर काढलं. पण रबर तर बाहेरच्या होजलाही असतं. मग त्याने सुरुवात मागच्या सीलपासूनच का केली?

तीनशे रुपयांचं गणित

हिशेबासाठी आकडे धरून चालू. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील समजा ३०० रुपयांना मिळतं. हे सील इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात, फ्लायव्हीलच्या मागे बसतं. आज इंजिन जमिनीवर आहे, फ्लायव्हील काढायला चार-सहा बोल्ट पुरतात. उद्या इंजिन गाडीत बसल्यावर सील गळलं, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच काढावा लागेल आणि सगळं पुन्हा चढवावं लागेल. त्याची मजुरी ३,००० रुपये धरा. म्हणजे आज ३००, उद्या ३,३००. अकरा पट.

याचा अर्थ असा, की पुढच्या काही वर्षांत ते सील गळण्याची शक्यता अकरात एकापेक्षा जास्त वाटत असेल, तर आजच बदलणं स्वस्त. सील गळेलच अशी खात्री असण्याची गरज नाही. अकरात एक एवढा संशय पुरे! आणि जितके दिवस व्हॅन उभी राहील तितक्या दिवसांचं काकांचं बुडालेलं भाडं अजून धरलेलंच नाही.

आता दुसरा भाग घ्या, ऑल्टरनेटर. गॅरेजच्या भाषेत डायनामो. समजा किंमत ४,००० आणि नंतर बदलायची मजुरी ३००. आज बदलला तर ४,०००, उद्या बदलला तर ४,३००. इथे आज बदलणं तेव्हाच फायद्याचं, जेव्हा तो बंद पडण्याची शक्यता शंभरात त्र्याण्णवहून जास्त असेल. म्हणजे बंद पडेल तेव्हा पाहू म्हणणंच शहाणपणाचं. तो धुळीने माखलेला दिसतो, फिरताना जरासा किणकिणतो, तरी चालतोय तोवर चालू द्यावा. बेसिनवरचा नळ तो हाच.

भाग किती महत्त्वाचा, किती महाग, किती घाण, हे तीन प्रश्न आपल्याला आधी सुचतात. नफ्यातोट्याचं पारडं हलतं ते मात्र भागाची किंमत आणि तिथवर पुन्हा पोचण्याचा खर्च यांच्या प्रमाणावर.

गिअरबॉक्सच्या आडची मंडळी

हा नियम हातात घेऊन इंजिनाच्या मागच्या बाजूला गेलं, तर बदलायच्या भागांची यादी आपोआप तयार होते.

पहिलं ते ऑइल सील. फिरणाऱ्या शाफ्टवर रबराचा एक नाजूक ओठ टेकलेला असतो आणि मागून एक बारीक स्प्रिंग त्याला कवटाळून धरते. नवं सील बसवताना शाफ्टवरून नख फिरवून पाहावं. नख अडकेल अशी गोल खाच लागली तर सावध. मऊ रबर पोलादाला खाच कशी पाडेल? जुन्या विहिरीच्या काठच्या दगडावर दोरीने पडलेले वळ आठवा. दोरीतली वाळू दगड कापते, तशी रबराच्या ओठात रुतलेली धूळ आणि काजळी शाफ्ट कापते. नवं सील त्याच खाचेवर बसलं तर नवं असूनही गळेल. अशा वेळी, जागा असेल तिथे, फिटर सील किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठाला कोरी जागा देतो, नाहीतर शाफ्टवर पातळ पत्र्याची बाही चढवतो. ओठाला तेल न लावता कोरडंच सील ठोकलं, किंवा तिरकं बसवलं, तर पहिल्याच दिवशी ओठ फाटतो. नवा भाग म्हणजे निर्धोक भाग असं समजू नये.

दुसरा क्लच. क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर रिव्हेटांनी धरलेला असतो. थराची पातळी रिव्हेटच्या डोक्यापेक्षा किती वर आहे ते मोजावं. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असेल, तर प्लेटचं आयुष्य संपत आलं. रिव्हेट उघडे पडले की ते फ्लायव्हीललाच ओरखडतात. प्लेट बदलायची तर प्रेशर प्लेट पाहावी आणि रिलीज बेअरिंग तर न पाहताच नवं घालावं. क्लच दाबला की फिरणारं हे छोटं बेअरिंग किमतीला कमी, पण ते ओरडायला लागलं की पुन्हा तोच गिअरबॉक्स उतरवायचा.

तिसरी मंडळी म्हणजे ब्लॉकमधली पत्र्याची गोल बुचं, ज्यांना कोर प्लग म्हणतात. इंजिनाचा ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू काढायला भोकं लागतात आणि ती भोकं नंतर पत्र्याच्या बुचांनी बंद करतात. मालकाने कूलंटऐवजी नळाचंच पाणी घातलेलं असेल, तर ही पातळ बुचं आतून गंजतात. बाहेरून रंग शाबूत आणि आतून चाळण, अशी अवस्था असू शकते. बाजूची बुचं नंतरही बदलता येतात. ब्लॉकच्या मागे, फ्लायव्हीलच्या आड असलेलं बूच असेल, तर ते आत्ताच पाहून घ्यावं.

गिरणीचा भोंगा

आतापर्यंत आपण पोचण्याचा खर्च पाहिला. पण काही भागांना दुसरीच कसोटी लागते. तो भाग गेला तर एकटा जातो, की जाताना इतरांना घेऊन जातो?

टायमिंग बेल्ट हे याचं ठळक उदाहरण. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडावे लागतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दोन फेऱ्या मारतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एक फेरी मारतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. ही वेळ सांभाळतो तो दातेरी रबरी पट्टा. (काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तिचं आयुष्य बरंच जास्त, पण ती ढिली पडून खडखडत नाही ना, एवढं पाहावं लागतं.)

मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे कामगार राहायचे. एक कामावर गेला की त्याच जागेवर दुसऱ्याची वळकटी पसरायची. भोंगा वेळेवर वाजत होता म्हणून जागा दोघांना पुरत होती. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचं नातं असंच आहे. दोघं एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. पट्टा तुटला म्हणजे भोंगा बंद पडला. कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून जोरात येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही भोक पडतं. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही. काहींत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे पट्टा तुटला तर गाडी नुसती बंद पडते. आपलं मॉडेल कुठल्या जातीचं, ते कंपनीच्या पुस्तकातून किंवा जाणत्या फिटरकडून समजून घ्यावं.

हा पट्टा किती टिकतो? कंपन्या साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर सांगतात आणि सोबत वर्षांची मर्यादाही घालतात. खरी अडचण वेगळी आहे. विकत घेतलेल्या इंजिनातला पट्टा कधी घातला हे कोणालाच माहीत नसतं. दाते शाबूत दिसतात, पाठीवर भेगा नसतात, पण आतले बळकटीचे धागे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे पट्टा वाईट आहे म्हणून आपण तो काढत नाही, त्याला जन्मतारीख नाही म्हणून काढतो. सोबत त्याला ताण देणारी पुली आणि समोरचं क्रँक-कॅमचं सीलही बदलावं. या सीलमधून तेल ठिबकलं तर नवा पट्टाही तेल पिऊन फुगतो. काही गाड्यांत वॉटर पंपही याच पट्ट्याने फिरतो, किंवा पट्टा काढल्याशिवाय निघत नाही. तिथे पंपही याच वेळी.

दुसरं उदाहरण थर्मोस्टॅटचं. हे पाण्याच्या वाटेवरचं दार. आत मेणाची एक डबी असते. मेण वितळताना फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतं. उघडण्याचं तापमान बहुधा त्याच्यावरच कोरलेलं असतं, ८२ अंश किंवा त्याच्या आसपास. हे दार बंद अवस्थेत अडकलं तर इंजिन उकळतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. सारख्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. बोल्टांनी जखडलेलं हेड फुगायला जागा न मिळाल्याने वाकतं आणि पॅकिंग जळतं. काही शे रुपयांच्या दारापायी हजारोंचं हेड जातं. म्हणून थर्मोस्टॅट हाताशी असला तरी बदलावा. निदान पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून, थर्मामीटर धरून, वेळेवर उघडतो का ते पाहावं. आणि "आपल्याकडे उकाडाच आहे" म्हणून तो काढूनच टाकण्याची सवय मोडावी. कायम थंड चालणारं इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर.

तिसरं उदाहरण पेट्रोलच्या रबरी होजचं. बदलायला सोपा, तरी जुना कधीच ठेवू नये. तो फुटला तर प्रश्न गिअरबॉक्सचा नसतो, आगीचा असतो. ओम्नीसारख्या गाडीत तर इंजिन थेट पुढच्या सीटखाली असतं.

उघडू नये ते

"एवढं करतोच आहोत, तर रिंगाही नव्या घालून टाकू," असा मोह इथे होतो. पण गणित इथे उलटतं. मागचं सील आज जवळजवळ फुकटात उघडं पडलं होतं. रिंगा मात्र आजही बंद आहेत. त्यांच्यापर्यंत जायचं तर हेड आणि खालचं तेलाचं चेंबर काढावं लागेल, म्हणजे आजही खर्च पूर्णच. टाइल्स शाबूत असताना केवळ संशयापोटी भिंत फोडण्यासारखं.

शिवाय एकत्र झिजलेल्या भागांची एक जोडी जमलेली असते. जुन्या वहाणेला पायाचा आकार येतो, तसा रिंगांना बोअरचा. त्या काढून पुन्हा बसवल्या तर कोन जरासा बदलतो आणि जमलेलं बिघडतं. नव्या रिंगा घालायच्या तर बोअरची गुळगुळीत भिंत दगडाने घासून खरखरीत करावी लागते, नाहीतर नव्या रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागतं. हेडच्या बोल्टांचीही गोष्ट आहे. बोल्ट आवळला की तो रेसभर ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा हेडला दाबून धरतो. अनेक आधुनिक इंजिनांत हे बोल्ट एकदाच ताणण्यासाठी केलेले असतात, दुसऱ्यांदा वापरले तर पकड सैल पडते. म्हणून कॉम्प्रेशन चांगलं आणि तेल-पाणी स्वच्छ असेल, तर हेड उघडू नये.

जुन्या इंजिनालाही विचारा

या गडबडीत एक इंजिन कोपऱ्यात विसरलेलं असतं, ते म्हणजे गाडीतून उतरवलेलं. त्याचा बोअर गेला असेल, पण त्याचा सेल्फ, डायनामो, कार्बोरेटर कालपर्यंत काकांच्याच गाडीत चालत होते. त्यांचे गुणदोष काकांना पाठ आहेत. विकत घेतलेल्या इंजिनाच्या अनोळखी सेल्फपेक्षा हा ओळखीचा सेल्फ बरा. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून एकेका भागाची तुलना करावी आणि उजवा तो चढवावा. एका नावाचं इंजिनही वर्षागणिक बदलतं. कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन आलं, तर सेन्सर आणि वायरिंग जुळत नाहीत, फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या कमानीही कधी वेगळ्या निघतात. म्हणून नवं आलेलं इंजिन गाडीत चालू होऊन चार दिवस पळेपर्यंत जुनं भंगारवाल्याला देऊ नये.

कागदाचंही एक काम असतं. आरसीवर इंजिनाचा क्रमांक छापलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्यावं आणि ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. खरवडलेला दिसला तर ते इंजिन कितीही गोड चालत असो, घेऊ नये.

चौकट : एका नजरेत

प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारा : तो वापराने म्हातारा होतो की नुसत्या वर्षांनी? इंजिन बसल्यावर त्याच्यापर्यंत पोचायला काय काय उतरवावं लागेल? तो गेला तर एकटा जाईल का?

• न पाहता नवं : इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट, मागचं-पुढचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि ताणपुली, रिलीज बेअरिंग, पेट्रोलचे होज, थर्मोस्टॅट.

• पाहून, मोजून ठरवा : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, वॉटर पंप, फाउंडेशनची रबरं, पाण्याचे होज, कोर प्लग, प्लग आणि त्यांच्या वायरी, टॅपेट कव्हरचं आणि चेंबरचं पॅकिंग.

• चालतंय तोवर चालू द्या : डायनामो, सेल्फ, कार्बोरेटर. दोन्ही इंजिनांतला उजवा निवडा.

• कारण असल्याशिवाय उघडू नका : हेड, रिंगा, बेअरिंग.

• पहिल्यांदा चालू करताना : प्लग काढून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला की तेल वरपर्यंत पोचलं. मगच प्लग लावा. पाचशे-हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला, म्हणजे जुना गाळ निघून जाईल.

खडूने लिहिलेली तारीख

तिसऱ्या दिवशी काकांच्या ओम्नीचं इंजिन बसलं. सीट उचलून त्यांनी आत पाहिलं, तर तेच काळं, तेलकट इंजिन. नवं असं काहीच दिसेना. डायनामोवरची धूळही तशीच. पैसे गेले कुठे, असा प्रश्न कोणालाही पडावा. ते गेले होते फ्लायव्हीलच्या मागे, बेल्टच्या झाकणाआड, जिथे आता पुन्हा कोणाची नजर जाणार नव्हती.

सीट खाली टाकण्याआधी फिटरने खिशातून पांढरा तेलखडू काढला. बेल्टच्या झाकणावर आजची तारीख लिहिली आणि खाली मीटरवरचे किलोमीटर.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"कधीतरी हे इंजिन दुसऱ्या कोणाकडे जाईल, काका. त्याला फेकायच्या आधी विचार करता येईल."

इंजिनाच्या पहिल्या मालकाने एवढं लिहून ठेवलं असतं, तर कदाचित तो पट्टा फेकावा लागला नसता.